जोशुआ वाँगची पुढची तारीख

परतफेरी (धागाकर्ता)

६ जून २०२५ ला हाँगकाँगच्या कोर्टात काही मिनिटांची सुनावणी झाली. आरोपीला तुरुंगातूनच आणलं होतं. चालू शिक्षा संपवून २०२७ च्या सुरुवातीला तो सुटायचा होता. त्याआधीच नवा आरोप ठेवला, परकी शक्तींशी संगनमताच्या कटाचा. जास्तीत जास्त शिक्षा जन्मठेप. आरोपी जोशुआ वाँग, लोकशाही आंदोलनातला कार्यकर्ता, तेव्हा वय २८.

२०१३ ते २०२० मी तिकडे नोकरीला होतो, क्वारी बेमध्ये राहायचो. आंदोलक वगैरे अजिबात नव्हतो. व्हिसावरचा माणूस. मोर्चा आला की फुटपाथवर उभं राहून बघायचं आणि 'ट्राम बंद आहे, चालत येतोय' असं घरी कळवायचं, एवढाच माझा सहभाग. पण इथे ठाण्यात कुणाकडे विषय काढला की 'तो छत्रीवाला मुलगा ना? सुटला असेल की आता' असं ऐकू येतं. म्हणून हा धागा.

जोशुआचा जन्म १३ ऑक्टोबर १९९६ चा. १ जुलै १९९७ ला ब्रिटिशांनी किल्ल्या चीनच्या हाती दिल्या तेव्हा हे पोर रांगत असेल. घर धार्मिक ख्रिस्ती. लहानपणी डिस्लेक्सियाचं निदान झालेलं, म्हणजे लिहिण्यावाचण्यात अडखळणारं मूल. मे २०११ मध्ये, चौदाव्या वर्षी, त्यानं मित्रांबरोबर 'स्कॉलरिझम' नावाची शाळकरी पोरांची संघटना काढली. सरकार शाळांत 'नैतिक आणि राष्ट्रीय शिक्षण' हा सक्तीचा विषय आणणार होतं, त्याला विरोध म्हणून. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारी मुख्यालयापुढे काळे कपडे घालून माणसं जमली. आयोजकांचा आकडा १ लाख २० हजारांचा. तीन विद्यार्थी उपोषणाला बसले होते. ८ सप्टेंबरला मुख्य प्रशासक (म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख) लिअंग यांनी सक्ती मागे घेतली. जोशुआ तेव्हा सोळाचाही नव्हता.

मग २०१४. हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याच्या ४५ व्या कलमात लिहिलंय की मुख्य प्रशासक शेवटी सार्वत्रिक मतदानानं निवडला जावा, हे ध्येय. ३१ ऑगस्टला बीजिंगनं सांगितलं: मत सगळ्यांना, पण उमेदवार दोन किंवा तीन, आणि तेही आमच्या समितीच्या चाळणीतून आलेले. स्थळं आम्ही पसंत करणार, त्यातलं कुठलं करायचं ते मुलीनं ठरवावं, असा प्रकार.

२६ सप्टेंबरच्या रात्री विद्यार्थी मुख्यालयाच्या कुंपण घातलेल्या चौकात घुसले. जोशुआला तिथेच उचलला, ४६ तास कोठडीत ठेवला. २८ तारखेला पोलिसांनी अश्रुधुराची ८७ नळकांडी फोडली. पहिलं फुटलं तेव्हा तो आतच होता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. छत्र्या मिरपुडीच्या फवाऱ्यापासून वाचायला उघडल्या होत्या. डोळ्यांवर स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळलेली पोरं मी स्वतः पाहिली आहेत.

७९ दिवस रस्ते अडलेले. ॲडमिरल्टीला सहा-आठ पदरी हार्कोर्ट रोडवर तंबू. दुभाजकाचा कठडा कंबरेच्या वर होता, म्हणून कुणीतरी दोन्ही बाजूंनी फळ्यांच्या पायऱ्या ठोकल्या होत्या. पायरीशी एक मुलगा उभा. येणाऱ्या प्रत्येकाला हात देऊन पलीकडे उतरवायचा. मलाही उतरवलं. त्याच्या मागे पोरांनी लाकडाची टेबलं करून दिवे लावून अभ्यासिका थाटलेली, कारण परीक्षा जवळ आल्या होत्या. सगळीकडून एकच आरोळी: 'गा याव!' शब्दशः अर्थ 'तेल घाला'. म्हणजे जोर लावा. आपल्याकडे तेल ओतण्याचा अर्थ अगदी उलटा होतो, ते आठवून मला तिथेच हसू आलं होतं.

छायाचित्रं इथपर्यंतचीच सगळ्यांनी पाहिलेली असतात. मला लिहायचंय ते नंतरचं, कारण तिथे छायाचित्र काढण्यासारखं काही नाही. कागद आहेत.

चौकात घुसल्याबद्दल ऑगस्ट २०१६ मध्ये ८० तासांची समाजसेवा. सरकारला ती कमी वाटली, वरच्या कोर्टात गेलं, ऑगस्ट २०१७ मध्ये सहा महिने कैद. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च पीठानं ती शिक्षा रद्द केली, पण यापुढे अशा गुन्ह्यांना कडक शिक्षा द्यायला हरकत नाही हेही निकालात लिहिलं. सुटला म्हणून पोरं नाचली, मात्र पुढच्यांसाठी दार लावलं गेलं होतं. दरम्यान २०१४ च्याच माँगकॉकमधल्या एका घटनेवरून न्यायालयाच्या अवमानाचा खटला: आधी तीन महिने, अपिलात दोन. तो भोगायला मे २०१९ मध्ये परत आत. १७ जूनला बाहेर आला. आदल्या दिवशी, आरोपींना चीनच्या हाती सोपवू देणाऱ्या विधेयकाविरुद्ध, आयोजकांच्या हिशेबानं वीस लाख माणसं रस्त्यावर उतरून गेली होती, आणि हा आत.

त्यानंतर: पोलिस मुख्यालयाच्या घेरावासाठी डिसेंबर २०२० मध्ये साडेतेरा महिने. ४ जूनच्या तिआनानमेन स्मृतिसभेला (१९८९ मध्ये बीजिंगमध्ये मारल्या गेलेल्या आंदोलकांसाठीच्या) बंदी असताना मेणबत्ती घेऊन गेला म्हणून मे २०२१ मध्ये दहा महिने. नोव्हेंबर २०२४ मध्ये, उमेदवार ठरवायला आपापसात मतदान घेतल्याच्या '४७ जणांच्या' खटल्यात चार वर्षं आठ महिने. आणि आता हे.

गोळी नाही, गायब करणं नाही. एक खटला संपत आला की दुसरा. वकिलाच्या घरात वाढलेल्या मला यातलं कौशल्य दिसतं, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते.

ताकभात

छान सविस्तर लिहिलंय. मी शिक्षिका आहे, त्यामुळे २०१२ वरच अडले. त्या विषयात नेमकं असं होतं तरी काय? राष्ट्रगीत, झेंडा, नागरिकशास्त्र एवढं तर सगळीकडे असतं. चौदा वर्षांच्या मुलांना त्यात एवढं खटकलं?

परतफेरी

ताकभात, प्रश्न रास्त आहे. ठिणगी पडली ती शिक्षकांसाठीच्या एका पुस्तिकेवरून. 'चीन मॉडेल' असा विषय, सरकारी अनुदानातून छापलेली. त्यात सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचं वर्णन पुरोगामी, निःस्वार्थी आणि एकसंध असं केलं होतं. आणि दोन पक्ष आलटूनपालटून सत्तेवर येण्याच्या पद्धतीत जनतेचे हाल होतात, असा सूर. त्या शहरात दरवर्षी ४ जूनला व्हिक्टोरिया पार्कमध्ये हजारो लोक १९८९ च्या मृतांसाठी मेणबत्त्या लावायचे. मुलं आईबापांच्या खांद्यावर बसून तिथे गेलेली. त्यांना 'निःस्वार्थी' शब्द गिळणं अवघड होतं.

शिवाय गुण कशाला, तर देशाबद्दल मनात काय वाटतं याच्या मूल्यमापनाला, ही पालकांची भीती. आमच्या ऑफिसातली एक बाई, राजकारणाचा 'र' न काढणारी, मुलाची बाबागाडी ढकलत त्या मोर्चाला गेली होती.

यंत्रमाग

थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका. कापडाच्या मशिनरीसाठी दरवर्षी ग्वांगझोला जातो. तिथले आमचे सप्लायर या पोरांना 'लाडावलेली' म्हणतात. त्यांचं म्हणणं: दीडशे वर्षं गव्हर्नर लंडनहून यायचा तेव्हा कुणाला मत हवं नव्हतं, आणि आपल्या माणसांचं राज्य आल्यावर लोकशाही आठवली. दुसरं, हा मुलगा अमेरिकेत जाऊन आपल्याच शहरावर दबाव आणायला सांगतो. कुठलं सरकार हे खपवून घेईल? तिसरं म्हणजे धंदा बंद पाडून स्वातंत्र्य मिळत नाही. आमची दोन कंटेनर २०१९ मध्ये अडकली होती, त्याचं व्याज मी भरलंय.

परतफेरी

यंत्रमाग, रागावण्यासारखं काही नाही. पहिला मुद्दा तर बराचसा खरा आहे. ब्रिटिशांनी विधिमंडळात थेट निवडणुकीच्या जागा दिल्या त्या १९९१ मध्ये, फक्त १८, निघायच्या सहा वर्षं आधी. जाताना शहाणपण सुचलेला पाहुणा. पण १९८४ च्या संयुक्त जाहीरनाम्यात पन्नास वर्षं जीवनपद्धती बदलणार नाही हे चीननंही सही करून मान्य केलं होतं. मुलं नवं काही मागत नव्हती, लिहून दिलेलं मागत होती.

दुसऱ्या मुद्द्यावर मी तुमच्या अर्धा बाजूला आहे. १७ सप्टेंबर २०१९ ला जोशुआनं वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संसदेच्या आयोगापुढे साक्ष दिली, निर्बंधांचा कायदा करा म्हणाला. तेव्हा मला ते खटकलं होतं. महासत्तेच्या पटावर आपण होऊन प्यादं व्हायचं कशाला? पण हे त्यानं कॅमेऱ्यासमोर केलं, आणि तेव्हा तो गुन्हा नव्हता. परकी शक्तींशी संगनमत गुन्हा ठरवणारा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला ३० जून २०२० च्या रात्री अकरा वाजता. मजकूरसुद्धा त्याच वेळी पहिल्यांदा लोकांनी वाचला. जोशुआची 'डेमोसिस्टो' ही संघटना त्याच दिवशी बरखास्त झाली. आताचा आरोप १ जुलै ते २३ नोव्हेंबर २०२० या काळाबद्दल आहे. २३ नोव्हेंबरला तो दुसऱ्या खटल्यात आत गेला, म्हणून ती तारीख. अटकेच्या दिवशी 'गुन्हा' थांबला आणि साडेचार वर्षांनी तो नोंदवला.

कंटेनरचं वाईट वाटतं, मनापासून.

रिकामी_खुर्ची

हे सगळं वाचून आपल्याकडची आठवण आली नाही तर नवल. आपल्याकडे तरी काय वेगळं

संपादक मंडळ

देशी राजकारणावरचे चार प्रतिसाद उडवले आहेत, वरचा अर्धा छाटला आहे. त्यासाठी वेगळा धागा काढावा. इथे हाँगकाँगवर बोलू.

जेट्टी

मी गोव्याचा, जहाजावर असतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये साइन-ऑफ झाल्यावर चार दिवस त्सिम शा त्सुईला चुंगकिंग मॅन्शन्समध्ये अडकलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सतरा मजल्यांचं जुनाट कबुतरखान्यासारखं संकुल, खाली चलन बदलणारे, सामोशाचे गाळे, वर कोंबून भरलेली गेस्ट हाऊस. आपले लोक, पाकिस्तानी, आफ्रिकी सगळे तिथे.

त्या आठवड्यात आंदोलनाच्या एका पुढाऱ्यावर हातोड्यांनी हल्ला झाला आणि हल्लेखोर दक्षिण आशियाई होते असं पसरलं. गेस्ट हाऊसवाल्यानं आम्हाला बजावलं, रविवारी मोर्चा समोरून जाणार आहे, खाली उतरू नका, सूड म्हणून फोडाफोड होईल. मी खिडकीतून बघत होतो. झालं भलतंच. खालची आपली मंडळी पाण्याच्या बाटल्या आणि खाऊ घेऊन दारात उभी राहिली, मोर्चेकरी थांबून टाळ्या वाजवायला लागले, 'आपण सगळे हाँगकाँगर' अशा घोषणा सुरू झाल्या. अर्ध्या तासानं मग मीही उतरलो, बाटल्या वाटायला. त्याच दिवशी पुढे पोलिसांच्या फवाऱ्याचं निळं पाणी कौलूनच्या मशिदीच्या पायऱ्यांवर उडालं, आणि चिनी पोरं येऊन पायऱ्या पुसायला लागली.

जोशुआ वाँग त्यात कुठे दिसला नाही पण.

परतफेरी

जेट्टी, हे भारी सांगितलंत. शेवटचं वाक्य तर फारच महत्त्वाचं. २०१९ ला नेताच नव्हता, मुद्दाम ठेवला नव्हता. २०१४ मध्ये व्यासपीठ होतं, माईक होता, म्हणून फूट पडली असा पोरांचा निष्कर्ष. 'पाण्यासारखे व्हा' हे ब्रूस लीचं वाक्य घोषणा झालं. कुठे जमायचं हे मोबाईलवरच्या चर्चांत मतं घेऊन ठरायचं. जोशुआ स्वतःही आपण नेता नाही असंच सांगायचा. परदेशी वाहिन्यांना मात्र एक चेहरा लागतो, आणि सरकारलाही.

ॲडमिरल्टी स्टेशनवरचं एक दृश्य डोक्यातून जात नाही. जून २०१९. तिथे प्रत्येकाकडे ऑक्टोपस कार्ड असतं, एका फेरीचं सुटं तिकीट पर्यटक सोडून सहसा कोणी घेत नाही. त्या रात्री मोर्चाहून परतणाऱ्यांची तिकीट यंत्रांपुढे लांबच लांब रांग. कार्ड वापरलं तर कोण कुठून कुठे गेलं याची नोंद राहते ना. यंत्राच्या डोक्यावर सुट्या नाण्यांच्या चळती होत्या. ज्याच्याकडे चिल्लर नाही त्यानं घ्यावी म्हणून कुणी कुणी ठेवलेल्या. मी कार्डानं गेलो. घाबरटपणा नव्हे, सवय. पण फाटकाशी तो 'टुक' आवाज झाला तेव्हा मागे वळून बघितलं खरं.

अर्धाकप

मी कडू बोलणार. शेवटी मिळालं काय? कायदा आला, वर्तमानपत्र बंद, पुढारी आत किंवा परदेशात. पोरांनी एवढं ताणलं नसतं तर होतं तेवढं तरी राहिलं असतं. आणि निवडणुका होत्याच की! लढवायच्या होत्या.

परतफेरी

अर्धाकप, लढवल्या. तीच तर खरी गोष्ट आहे, नीट सांगतो.

२०१६: विधिमंडळासाठी किमान वय २१, जोशुआ १९ चा. म्हणून मित्र नेथन लॉ उभा राहिला आणि २३ व्या वर्षी पन्नास हजारांवर मतं घेऊन निवडून आला. शपथ घेताना 'चीनचं लोक-प्रजासत्ताक' या शब्दांवर त्यानं स्वर असा वर नेला की वाक्य प्रश्नार्थक वाटावं. शब्द सगळे बरोबर. पुढे बीजिंगनं शपथेच्या कलमाचा अर्थ नव्यानं लावला आणि जुलै २०१७ मध्ये कोर्टानं त्याचं पद रद्द केलं. सुरावरून आमदारकी गेलेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

२०१९, जिल्हा परिषदा: वय भरलं, अर्ज भरला. शेकडो उमेदवारांत अपात्र ठरला तो एकटा जोशुआ. त्याच्या जागी आयत्या वेळी उभा केलेला उमेदवार निवडून आला. मतदान ७१ टक्के, १८ पैकी १७ परिषदा लोकशाहीवाद्यांकडे. रस्त्यानं जे सांगितलं होतं तेच पेटीनं सांगितलं.

२०२०: विधिमंडळासाठी लोकशाहीवाद्यांनी आपापसात प्राथमिक निवडणूक घेतली. सहा लाखांवर लोक, करोनात, रांगा लावून. गणित साधं: ७० पैकी ३५ च्या वर जागा मिळवायच्या, अर्थसंकल्प अडवायचा, म्हणजे मूलभूत कायद्यानुसार शेवटी मुख्य प्रशासकाला जावं लागतं. पुस्तकात लिहिलेली चाल. तिलाच पुढे 'राज्यसत्ता उलथवण्याचा कट' म्हटलं गेलं. मुख्य निवडणूक करोनाचं कारण देऊन वर्षभर पुढे, जोशुआ त्याआधीच अपात्र. जानेवारी २०२१ मध्ये पहाटे धाडी, फेब्रुवारीत ४७ जणांवर आरोपपत्र. मग नियम बदलले, 'देशभक्तांनीच' लढायचं. डिसेंबर २०२१ मध्ये मतदान ३० टक्क्यांवर आलं.

तर, ताणलं कुणी?

दहावी_ब

मी कॉलेजात आहे, पहिल्यांदाच लिहितेय इथे. एक कळलं नाही काका. तो इतका लढणारा होता तर त्या ४७ जणांच्या केसमध्ये गुन्हा कबूल का केला? मला थोडं वाईटच वाटलं ते वाचून.

परतफेरी

वाईट वाटू दे, पण त्याच्यावर रागावू नकोस. खटला ज्युरीशिवाय, या कायद्यासाठी नेमलेल्या तीन न्यायाधीशांपुढे. बहुतेकांना जामीन नाही. अटकेपासून शिक्षेपर्यंत साडेतीन वर्षांहून जास्त गेली. ४७ पैकी ३१ जणांनी कबुली दिली, दोघे निर्दोष सुटले, उरलेले दोषी. कबुलीला एक तृतीयांश सूट असते. जोशुआच्या बाबतीत सात वर्षं धरली, त्यातून सूट जाऊन चार वर्षं आठ महिने. ती प्राथमिक निवडणूक आखणारे प्राध्यापक बेनी ताय यांना दहा वर्षं. निकालाच्या दिवशी आत नेताना जोशुआ ओरडला, माझं हाँगकाँगवर प्रेम आहे, येतो. कबुली दिलेला माणूस असा बोलतो.

ताकभात

आणि त्याच्या बरोबरची मुलगी? फोटोत असायची ती.

परतफेरी

ॲग्नेस चाउ. घेरावाच्याच प्रकरणात दहा महिन्यांची शिक्षा झाली, मुदतीआधी सुटली. पारपत्र पोलिसांकडे जमा. कॅनडात शिकायला जायचं तर आधी पोलिसांबरोबर शेनझेनची सहल कर, अशी अट. तिथे तिला चीनच्या प्रगतीचं प्रदर्शन आणि टेन्सेंट कंपनीचं मुख्यालय दाखवलं. फोटो काढले. २०२३ मध्ये ती कॅनडाला गेली आणि डिसेंबरात जाहीर केलं, पोलिसांकडे हजेरीला परत येणार नाही. नेथन लॉ लंडनमध्ये, डोक्यावर दहा लाख हाँगकाँग डॉलरचं इनाम. तिघांचे तीन रस्ते झाले.

यंत्रमाग

प्रदर्शनाची सहल मलाही झाली आहे, सप्लायरकडून. जेवण उत्तम असतं. बाकी तुमचं गणित वाचलं, पेटीचं. विचार करतोय.

जेट्टी

परतफेरी, तुमच्या ऑफिसातल्या त्या बाबागाडीवाल्या बाईंचं पुढे काय झालं?

परतफेरी

२०१४ मध्ये ती माझ्यापेक्षा जास्त चिडायची. बस वळवल्यामुळे मुलाला शाळेतून घ्यायला तिला उशीर व्हायचा, पोरांना घरी जा म्हणायची. २०१९ च्या जूनमध्ये त्याच मुलाला घेऊन दोन्ही रविवारी मोर्चात. तो आता तिच्या खांद्याएवढा. २०२१ मध्ये ब्रिटननं नवा व्हिसा सुरू केल्यावर सगळे मँचेस्टरला गेले. जाताना विमानतळावर तिनं फोनमधले २०१९ चे सगळे फोटो पुसले, मग मला मेसेज केला की तुझ्याकडे असले तर ठेव. आहेत. पाठव असं ती अजून म्हणालेली नाही.

६ जूनच्या सुनावणीत नव्या खटल्याची पुढची तारीख ८ ऑगस्ट २०२५ दिली होती. पुढे काही घडलं की धागा वर काढेन.